प्लाझ्मा की एलसीडी? : एका निवडीची हकीकत



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या वर्गात मी चार वर्षे मागच्या बाकावर बसलो. या व्यासपीठावरून यापूर्वी मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. मी उधन्यात दूरचित्रवाणी संच दुरुस्त करणारा एक कारागीर. संयोजकांनी निमंत्रण दिले तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. पुढे विचार केला की, गुरुजींचे माझ्यावर जे ऋण आहे त्यात एक चूकही आहे, आणि ती जाहीरपणे सांगण्यास याहून योग्य स्थान मिळणार नाही. ती चूक एका साध्या प्रश्नातून निघाली. प्रश्न असा होता : घरासाठी प्लाझ्मा घ्यावा की एलसीडी?

आज हा प्रश्न कोणी विचारीत नाही. प्लाझ्मा बाजारातून केव्हाच गेला. परंतु २००६ ते २०१२ या काळात माझ्या दुकानाच्या पायरीवर दिवसातून चार वेळा हाच प्रश्न येत असे. लूमच्या खात्यातून पाळी संपवून निघालेला कामगार, त्याचा मुकादम, शेजारच्या गल्लीतील ओडिया बांधव, बँकेतले साहेब, सारे विचारीत. मी उत्तरही मोठ्या आत्मविश्वासाने देत असे.

थोडे मागे जाऊन सांगतो. माझे वडील शिंदखेडा तालुक्यातून या गावी आले. आपल्यापैकी अनेकांचे वडील असेच आले असतील. जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करीत येणारा तो रेल्वेमार्ग उधन्यालाच येऊन मिळतो. नवापूरचे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. आमची पिढीही तशीच आहे म्हणा ना! घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि खात्यात हिंदी. दूरचित्रवाणी आमच्या गल्लीत आली ती हिंदी घेऊनच. २५ जानेवारी १९८७ रोजी ‘रामायण’ मालिका सुरू झाली, आणि दर रविवारी सकाळी एका खोलीत तीस-पस्तीस माणसे बसू लागली. मी नुकतेच दुकान मांडले होते. रविवारी संच बंद पडला तर घरमालक नव्हे, सारी गल्ली मला न्यायला येई. मराठी मात्र पुष्कळ उशिरा आली. १९९९ मध्ये अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली, आणि केबलवाल्याने ती लावावी म्हणून आमच्या गल्लीतील स्त्रियांनी त्याच्या दारात जाऊन जो तगादा लावला तो मी प्रत्यक्ष पाहिला आहे.

तोपर्यंतचे सारे संच काचेच्या नळीचे, म्हणजे पिक्चर ट्यूबचे. त्या नळीत एक गुण होता. त्याची किंमत आम्हांला ती गेल्यावर कळली. तो गुण पुढे सांगेन. नळीचा अंत किती अनपेक्षितपणे आला याचे एक उदाहरण देतो. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, वाढलेली व्हिडिओकॉन ही कंपनी आपल्या सर्वांच्या परिचयाची. जवळच भडोचला तिचा ट्यूबच्या काचेचा कारखाना होता. या कंपनीने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा रंगीत पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला. मराठी मुलखातल्या कंपनीने युरोपातला धंदा घ्यावा याचा आम्हां कारागिरांना कोण अभिमान वाटला! पण त्याच वेळी जगभर नळीची मागणी कोसळू लागली होती. जे व्यापारातील धुरंधरांना दिसले नाही ते माझ्यासारख्याला दिसले नसते, यात नवल नाही.

सुरतेत बदलाचा वेग वाढला तो २००६ च्या ऑगस्टमधील तापीच्या महापुरानंतर. उकाई धरणातून पाणी सुटले आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. आमच्या उधन्यापेक्षा रांदेर-अडाजणकडचा भाग अधिक बुडाला. पुढचे दोन महिने माझ्या दुकानात चिखलाने भरलेल्या संचांची रांग होती. सर्किटे पाण्याने धुवायची, ब्रशने गाळ काढायचा, उन्हात तीन-तीन दिवस वाळवायची. काही संच पुन्हा बोलू लागत. पण ज्यांचे संच गेले त्यांनी नवे घेतले, आणि त्यांतील पुष्कळांनी आयुष्यात प्रथमच सपाट पडद्याचा संच घेतला. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या दारात उभा राहिला.

दोन्हींची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. आपण लूमच्या गावचे, म्हणून सोपे जाईल. दोन्ही पडदे मुळात ताण्याबाण्याचेच. उभ्या तारा आणि आडव्या तारा, आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे चित्राचा एक ठिपका. बत्तीस इंची पडद्यावर तेव्हा १३६६ उभे आणि ७६८ आडवे, म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपके असत, आणि प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा व निळा असे तीन भाग.

प्लाझ्मात प्रत्येक भाग ही एक सूक्ष्म कोठडी असते. तिच्यात निऑन आणि झेनॉन हे वायू भरलेले असतात. विजेचा दाब दिला की वायूतून अतिनील किरण निघतात, ते भिंतीवरील लेपावर आदळतात आणि लेप उजळतो. आपल्या छतावरची ट्यूबलाइट याच तत्त्वावर चालते. अर्थात प्रत्येक ठिपका हा स्वतःच एक दिवा. विझला की काळा, पेटला की चहूकडे सारखाच प्रकाश. या पडद्याचा जन्म करमणुकीसाठी झालेला नाही, हे या शाळेत मुद्दाम सांगतो. १९६४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी तो तयार केला, तो ‘प्लेटो’ नावाच्या संगणकाद्वारे विद्यार्थ्यांना शिकविण्याच्या योजनेसाठी.

एलसीडीत ठिपका स्वतः उजळत नाही. दिवा मागे असतो, आणि पुढे असतात द्रवस्फटिकांच्या खिडक्या. त्या उघडतात आणि मिटतात. द्रवस्फटिकाचा शोध तर वनस्पतिशास्त्रज्ञाचा. १८८८ मध्ये प्राग येथे फ्रीड्रिख राइनित्झर यांना गाजरातून मिळविलेल्या द्रव्याच्या एका संयुगात आढळले की, ते १४५.५ अंशांवर वितळून गढूळ होते आणि १७८.५ अंशांवर निर्मळ होते. मधल्या अवस्थेत ते द्रवासारखे वाहते आणि स्फटिकासारखे शिस्तीत राहते.

या खिडक्या कशा चालतात हे मला गुरुजींनी शिकविले, द्रवस्फटिकाचे नावही न घेता. प्रकाशाचा धडा चालला होता. गुरुजींनी विहिरीचा दोर आणला, वर्गाच्या खिडकीच्या उभ्या गजांमधून ओवला, एक टोक माझ्या हाती दिले आणि म्हणाले, “हलव.” दोर वर-खाली हलविला तर लाट गजांतून पलीकडे जाई, आडवा हलविला तर गजांवर आपटून विरून जाई. “प्रकाशाचंही असंच असतं,” एवढेच ते म्हणाले. तीस वर्षांनी पहिला एलसीडी संच उघडला आणि त्यातील दोन ध्रुवणपट्ट्या हातात घेतल्या, तेव्हा तो दोर आठवला. एक पट्टी म्हणजे उभे गज, दुसरी म्हणजे आडवे गज. मधले द्रवस्फटिक प्रकाशाच्या लाटेला पीळ देऊन आडवी करतात, म्हणून ती पलीकडे जाते. विजेचा दाब दिला की पीळ सुटतो आणि खिडकी मिटते. पुढे या रचनेत अनेक सुधारणा झाल्या, पण गाभा हाच.

आता २००८ च्या उन्हाळ्याकडे येतो. गुरुजी निवृत्त होणार होते. आम्ही माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली. कोणी शाल म्हणाले, कोणी सोन्याची अंगठी. शेवटी ठरले की दूरचित्रवाणी संच द्यावा, कारण गुरुजींच्या घरी अजूनही जुना चौदा इंची संच होता आणि गल्लीतली पोरे संध्याकाळी तिथेच जमत. निवडीचे काम साहजिकच माझ्याकडे आले.

त्या वर्षी एप्रिलमध्ये आयपीएलचे सामने सुरू झाले होते आणि दुकानांतून गर्दी होती. दुकानातील देखावा फसवा असतो, हे मी जाणून होतो. तिथे डोळे दिपविणाऱ्या ट्यूबलाइटी असतात, संच सर्वांत भडक रंगांवर लावलेले असतात, आणि पडद्यावर पोपट नाहीतर समुद्रातील मासे. अशा उजेडात एलसीडी झळाळतो आणि प्लाझ्मा बिचारा मलूल दिसतो. तोच प्लाझ्मा रात्री दिवा मालवून पाहिला तर त्याचा काळा रंग खराखुरा काळा दिसतो आणि क्रिकेटचा चेंडू शेपूट न सोडता धावतो. त्या काळच्या एलसीडीत खिडक्या मिटायला क्षणभर उशीर होई, त्यामुळे चेंडूमागे पुसट रेघ उमटे. विक्रेते मात्र भलतेच सांगत. “प्लाझ्मातला गॅस संपतो, तो दर दोन वर्षांनी भरावा लागतो,” असे एकाने मला, म्हणजे कारागिरालाच, ऐकविले! कोठड्या कायमच्या बंद केलेल्या असतात. त्यात भरायचे काही नसते. लेप हळूहळू मंदावतो हे खरे, पण उत्पादक पुढे पुढे एक लाख तासांचा दावा करू लागले होते.

मी हिशेब मांडला. गुरुजींची बाहेरची खोली दहा फूट बाय बारा फूट. बसणाऱ्याचे डोळे पडद्यापासून फार तर आठ फुटांवर. केबलचे चित्र तेव्हा ५७६ रेघांचे. असे चित्र पडद्याच्या उंचीच्या साधारण सहापट अंतरावरून पाहावे, नाहीतर दाणे दिसू लागतात. बेचाळीस इंची पडद्याची उंची बावन्न सेंटिमीटर. त्याला दहा फूट हवेत. बत्तीस इंची पडद्याची उंची चाळीस. त्याला आठ फूट पुरतात. प्लाझ्मा तर बहुधा बेचाळीस इंचांपासूनच मिळे. वजन पंचवीस-तीस किलो, आणि ज्या भिंतीवर टांगायचे ती अर्ध्या विटेची. विजेचा हिशेबही केला. दोन्हींत सव्वाशे वॅटचा फरक धरला आणि दिवसाला पाच तास, तर महिन्याला वीस युनिटे. निवृत्त शिक्षकाच्या घरात वीस युनिटे म्हणजे काही कमी नव्हेत. त्यात दार पश्चिमेला. दुपारनंतर ऊन थेट आत येई, आणि प्लाझ्माची पुढची काच आरशासारखी. शिवाय गुरुजींना बातम्यांचे वेड. बातम्यांच्या वाहिनीचे बोधचिन्ह आणि खालची धावती पट्टी तासन्‌तास एकाच जागी राहिली की प्लाझ्माच्या लेपावर तिचा डाग उमटतो, हे मी ग्राहकांच्या संचांत पाहिले होते.

सारे मुद्दे एलसीडीच्या बाजूने पडले. बत्तीस इंची संच घेतला, स्वतः खांद्यावरून नेला, स्वतः भिंतीवर चढविला. गुरुजींच्या खुर्चीत बसून रंग जुळविले. गुरुजी म्हणाले, “छान आहे रे.” काकूंनी सर्वांना आमरस वाढला. माझ्या मनात त्या संचाविषयी पुढे पाच वर्षे शंका आली नाही.

२०१३ च्या पावसाळ्यात गुरुजींचा निरोप आला की संच सुरू होताना टकटक करतो आणि बंद पडतो. हा दोष नेहमीचा. विजेच्या पुरवठ्याच्या सर्किटातील कपॅसिटर फुगतात. तासाभरात बदलून दिले. संध्याकाळ झाली होती. मालिकेची वेळ, खोली पोरांनी आणि शेजारणींनी भरलेली. काकूंनी चहा आणला. समोर जागा नव्हती, म्हणून मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकलो. संचाच्या अगदी डाव्या अंगाला, जमिनीलगत.

आणि मी पडद्याकडे पाहिले. मालिकेतील नवरीचा शालू राखेच्या रंगाचा होता. चेहरे पांढुरके, केस धुरकट. मला वाटले, दुरुस्तीत माझ्याकडून काही बिघडले. उठून समोर गेलो. रंग जागच्या जागी. परत उंबऱ्यावर आलो, पुन्हा राख.

मी काकूंना विचारले, “काकू, तुम्ही कुठे बसता?”

“इथंच की,” त्या म्हणाल्या, “पोळ्या लाटता लाटता बघते.”

“तुम्हांला रंग फिके दिसत नाहीत?”

त्या क्षणभर थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “यांना सांगू नको. मोतीबिंदू उतरत असेल. ऑपरेशनचा खर्च कशाला उगाच?”

पाच वर्षे ती माउली समजत होती की आपले डोळे चालले. दोष डोळ्यांचा नव्हता. मी निवडलेल्या पडद्याचा होता. द्रवस्फटिकाच्या खिडकीतून प्रकाश सरळ जातो तेव्हा पीळ बरोबर लागतो. तिरपा गेला की मिटलेली खिडकीही पूर्ण मिटत नाही, काळ्यातून उजेड पाझरतो आणि सारे रंग धुपतात. हे मला शास्त्र म्हणून ठाऊक होते. लहान आकाराच्या स्वस्त पडद्यांत तर खालून पाहिले की चित्र काळवंडते, आणि आपल्या घरी संच छताजवळच्या फळीवर नि माणसे जमिनीवर! तेही ठाऊक होते. पण मी खोली मोजली ती गुरुजींच्या खुर्चीपासून. मघाशी जुन्या नळीचा एक गुण सांगेन म्हणालो होतो, तो हाच : ती कडेला बसणाऱ्यालाही तेच चित्र दाखवी. ‘रामायण’ पाहणाऱ्या पस्तीस माणसांत समोर बसलेले पाच होते, आणि बाकीच्यांना काही कमी दिसले नाही. प्लाझ्मातही हाच गुण होता, आणि माझ्या एवढ्या लांबलचक हिशेबात त्याला एक ओळही मिळाली नव्हती.

मग प्लाझ्माच घ्यायला हवा होता का? प्रामाणिकपणे सांगतो, आजही मला तसे वाटत नाही. ऊन, भिंत, बिल आणि बातम्यांची पट्टी हे मुद्दे खोटे नव्हते. पण एलसीडी सारे एका जातीचे नसतात. जपानच्या हिताची कंपनीने १९९० च्या दशकात अशी रचना विकसित केली होती की स्फटिक पडद्याच्या प्रतलातच वळतात. त्याला आयपीएस म्हणतात. त्यात कडेने रंग पुष्कळच टिकतात. असे संच २००८ मध्ये आपल्याकडे मिळत होते. ओळखण्याची कारागिरांची युक्तीही सोपी : पडद्यावर बोट हलकेच दाबले तर दुसऱ्या जातीत पाण्यासारखी लहर उमटते, यात ती जवळजवळ उमटत नाही. मी बोट लावून पाहिले नाही. दुकानात मी सरळ समोर उभा राहिलो, एवढेच.

कडेच्या प्रेक्षकासाठी आणखी एक उपाय जगात झाला होता, आणि त्याचे मूळ आपल्या देशात आहे. १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, काडीसारख्या रेणूंप्रमाणेच चकतीसारख्या रेणूंचेही द्रवस्फटिक बनतात. तेव्हा त्याचा व्यवहारात काही उपयोग दिसत नव्हता. पुढे जपानच्या फुजी कंपनीने याच प्रकारच्या चकत्यांचा पातळ पापुद्रा तयार केला. तो एलसीडीवर चढविला की तिरप्या दृष्टीलाही चित्र बरेच नीट दिसते. हे वाचले तेव्हा काकू जिवंत होत्या. मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, “बंगळूरच्या माणसाला कसं कळलं मी कुठं बसते ते?”

त्या संध्याकाळी मी गुरुजींना सारे सांगितले, मोतीबिंदूचेही. काकू माझ्यावर रागावल्या. गुरुजी काही बोलले नाहीत. उठले, काकूंच्या जागी उंबऱ्यावर जाऊन बसले आणि एक पूर्ण मालिका जाहिरातींसकट पाहिली. दुसऱ्या दिवशी मी वळणारा लोखंडी हात आणला आणि संच समोरच्या भिंतीवरून काढून कोपऱ्यात, उंबऱ्याकडे तोंड करून लावला. गुरुजींची खुर्ची आता कडेला पडली. मी म्हणालो, “सर, खुर्ची तिकडे सरकवू का?” ते म्हणाले, “राहू दे. बातम्या ऐकायच्याच असतात.” पुढच्या आठवड्यात काकूंचे डोळे तपासले, चष्म्याचा आकडा थोडा वाढला होता, बाकी काही नाही.

प्लाझ्माची अखेर त्यानंतर लवकरच झाली. पायोनियर या कंपनीने २००९ मध्येच माघार जाहीर केली होती. तिच्या ‘कुरो’ संचाइतका गडद काळा रंग मी त्यापूर्वी कुठे पाहिला नव्हता. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस उत्पादन थांबविले, सॅमसंग आणि एलजी यांनी २०१४ मध्ये. ठिपके जितके बारीक करावेत तितकी प्लाझ्माची कोठडी लहान होते आणि उजेड घटतो; उलट एलसीडीचे कारखाने वाढत गेले, किमती उतरल्या, मागच्या नळ्यांच्या जागी एलईडी दिवे आले. आज ओएलईडी नावाचा जो महागडा पडदा मिळतो, त्यात पुन्हा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. काळा रंग काळा, कडेलाही चित्र तेच, आणि हो, स्थिर चित्राचा डाग पडण्याची जुनी खोडही सोबत आलीच आहे.

गुरुजींच्या पश्चात तो बत्तीस इंची संच त्यांच्या मुलाने माझ्या दुकानात आणून दिला. दुरुस्त होण्यासारखा राहिला नव्हता. मी त्याचे पटल सोडवून दोन्ही ध्रुवणपट्ट्या काळजीपूर्वक सोलून काढल्या आहेत, आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीने त्या आज प्रयोगशाळेला देत आहे. एक दोरही आणला आहे. व्याख्यानानंतर आठवी-नववीच्या मुलांनी त्या पश्चिमेच्या खिडकीपाशी यावे. तिचे गज अजून उभेच आहेत, मी सकाळी पाहून आलो.